मेजरने नंबर का सांगितला नाही

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी किती जबाब लिहून घेतले, याची मोजदाद नाही. त्यातले बहुतेक विसरून गेलो. एक जबाब मात्र आजही शब्दन्‌शब्द आठवतो. जेमतेम अर्ध्या पानाचा होता तो, आणि तो मी साफ चुकीचा वाचला होता.

निवृत्तीनंतर थंडीचे तीन-चार महिने मी आणि माझी पत्नी कतारमध्ये दोह्याला, अल अझीझिया भागात लेकीकडे असतो. परवा जावई आम्हाला गाडीतून अल सद्दच्या बाजूला घेऊन गेले होते. एका इमारतीकडे बोट दाखवून मी म्हणालो, "इथे दुसऱ्या मजल्यावर एक ऑफिस होतं." जावई म्हणाले, "बाबा, ती बिल्डिंग कधीच पाडली. ही नवी आहे." इमारत गेली, पण त्या ऑफिसात घालवलेला एक तास माझ्या मनातून गेलेला नाही. तो लिहून ठेवावा म्हणून बसलो आहे. या प्रकरणातली माणसे आज आपापल्या घरी सुखात आहेत. त्यामुळे कुणाचेही नाव घेणार नाही.

कारगिलच्या लढाईला तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. जिल्हा परिषदेच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. जागा एकच असली तरी ठाण्याला काम तेवढेच लागते. परवान्याची हत्यारे जमा करून घ्यायची, सभांच्या परवानग्या द्यायच्या, गावगुंडांना बोलावून समज द्यायची, रोज संध्याकाळी वरिष्ठांना अहवाल पाठवायचा.

दोन उमेदवारांत खरी लढत होती. त्यातल्या एकाला सगळे मेजर म्हणत. फौजेत ते नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते, पण आपल्याकडे फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस गावाच्या लेखी मेजरच असतो. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलणे मोजके. फौजेनंतर दोन वर्षे कतारमध्ये नोकरी करून ते गावी आले होते. पाणीपुरवठ्याची एक योजना त्यांनी पदरमोड करून, लोकांना हाताशी धरून पूर्ण केली होती. लोक त्यांना मानत ते त्या पाण्यासाठी. पण त्यांच्या पक्षाच्या पोरांनी पत्रकावर मोठ्या अक्षरात छापले होते, 'कारगिलचा वीर, आपला माणूस.'

मतदानाला पंधरा दिवस उरले असताना विरोधी बाजूचा एक कार्यकर्ता लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आला. सोबत वीस-पंचवीस माणसे होती. त्याने माझ्या टेबलावर एक फोटो ठेवला. फोटोत मेजर एका अरबी बाजारात, कापडाच्या दुकानासमोर उभे होते. कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख होती. ती कारगिलची लढाई ऐन भरात असतानाची होती.

"साहेब, लढाई चालू होती तेव्हा हा बाजारात फोटो काढत होता," तो म्हणाला. "फौजेतून पळालेला माणूस आहे हा. याला पकडा."

लष्करातून पळालेल्या माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. हे त्याला कुणीतरी नीट शिकवून पाठवले होते. मी तक्रार ठेवून घेतली, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली आणि फोटो पुन्हा निरखला. मेजरांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. हाताचा मालक मात्र फोटोत नव्हता. फोटोची एक बाजू कात्रीने कापलेली होती.

"हा हात कुणाचा?" मी विचारले.

"मला काय माहीत?"

"फोटो कुठून मिळाला?"

"पोस्टाने आला. नाव नव्हतं."

"पाकीट आणा."

पाकीट नव्हतेच. पाच मिनिटांत त्याने कबूल केले की फोटो शेजाऱ्याच्या घरच्या अल्बममधून काढलेला आहे. शेजाऱ्याचा भाऊ दोह्यात सूक वाकिफ या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होता आणि खांद्यावरचा हात त्याचाच होता. फोटोत दुसऱ्या माणसाचा हसरा चेहरा असला की आरोपाची धार जाते, म्हणून त्याला कापून टाकले होते. पण फोटो आणि त्यावरची तारीख, दोन्ही खरे होते.

दुसऱ्या दिवशी मी मेजरांना बोलावले. ते एकटेच आले, पायी. मी दार लावून घेतले आणि राइटरला लिहायला बसवले.

"फौजेत किती वर्षं होता?"

"बारा."

"कारगिलच्या वेळी कुठे होता?"

"दोह्यात. फोटो माझाच आहे."

"फौज कधी सोडली?"

"त्याच्या आधीच्या वर्षी."

"डिस्चार्ज बुक कुठे आहे?"

"नाही माझ्याकडे."

"पेन्शन?"

"नाही."

"जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात नाव नोंदवलंय?"

"नाही."

"मग तुमचा आर्मी नंबर सांगा. मी रेकॉर्ड ऑफिसला विचारतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "आठवत नाही."

इथे मी निकाल लावून टाकला. फौजी माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण नंबर विसरत नाही. मी तीस-तीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेली म्हातारी माणसे पाहिली आहेत. त्यांना आजचा वार सांगता येत नाही, पण नंबर विचारला की ताठ बसून घडाघडा म्हणतात. नंबर आठवत नाही म्हणणारा माणूस तो लपवतो आहे, एवढे मला बरोबर कळले. का लपवतो आहे, हे मात्र मी विचारले नाही. मला ते माहीतच आहे असे मी धरून चाललो.

"तुमच्या वयाची माणसं तिकडे बर्फात मेली," मी म्हणालो. "आणि इथे पत्रकावर वीर म्हणून नाव छापून घेताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्यांनी एका हाताने दुसरा दाबून धरला.

"पत्रकाचं चुकलं," ते म्हणाले. "पोरांनी छापलं, मी अडवलं नाही. लोक गेली तीन वर्षं तसंच समजत आलेत, तेही मी अडवलं नाही. ती माझी चूक. पण मी पळालेलो नाही. याउपर मला सांगायचं नाही. अटक करायची तर करा. फक्त माझ्या घरी चौकशीला माणूस पाठवू नका."

एवढाच जबाब. त्यांनी सही केली आणि निघून गेले.

जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना मी फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले, "खात्री नसताना उमेदवाराला आत टाकलं तर उद्या पेपरवाले आपल्याला फाडतील. नाही टाकलं तर परवा फाडतील. तुम्ही आधी खात्री करा." रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेले. पण नुसत्या नाव-गावावरून माणूस शोधायचा म्हणजे मतदान होऊन जाईपर्यंत उत्तर येण्याची शक्यता नव्हती. त्या रात्री कुणीतरी मेजरांच्या दारावर बांगड्यांचा हार टांगला. सकाळी त्यांच्या मुलीने तो काढला. तिचे लग्न ठरलेले होते, सहा महिन्यांपूर्वी सुपारी फुटली होती. मी घरासमोर दोन शिपाई बसवले.

त्याच सकाळी मला दोह्याहून जावयांचा फोन आला. माझी लेक सात आठवडे आधीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, पण फार लहान होती, काचेच्या पेटीत ठेवली होती. माझी पत्नी आधीच तिकडे गेलेली होती, तिला एकटीला सावरेना. माझा व्हिजिट व्हिसा पुढच्या महिन्यासाठी म्हणून आलेला होता. निवडणुकीत रजा मिळत नाही, हे माहीत असूनही मी अधीक्षकांसमोर उभा राहिलो. ते भिंतीवरचे कॅलेंडर पाहून म्हणाले, "सहा दिवस. मतदानाच्या आधी परत या. तुमच्या जागी मी माणूस बसवतो." मी दाराशी पोहोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "आणि हे बघा, तिथे आपल्याला काडीचाही अधिकार नाही. चौकशी करायची नाही. पण कुणी आपणहून कागद दिला, तर तो वकिलातीतून साक्षांकित करून घ्या."

दोह्यातले पहिले दोन दिवस मी हॉस्पिटलच्या खुर्चीत काढले. काचेपलीकडे तळहातापेक्षा थोडी मोठी नात होती. तिच्या छातीची हालचाल मी मोजत बसे आणि पत्नी मला म्हणे, "तुमच्या मोजण्याने ती वाढणार आहे का?" तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितले की बाळ आपले आपण श्वास घेते आहे, आता काळजी नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. पत्नी म्हणाली, "जा आता कुठेतरी फिरून या. तुमचा चेहरा बघवत नाही."

मी सूक वाकिफला गेलो. तेव्हा ते आजच्यासारखे नटलेले नव्हते. पडझड झालेल्या गल्ल्या, मसाल्यांची पोती आणि कापडाची दुकाने एकमेकांना चिकटून. खिशातल्या फोटोवरची पाटी शोधत मी तीन गल्ल्या फिरलो. दुकान सापडले. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाशी मी मराठीत बोललो तेव्हा त्याने कापडाची गुंडाळी खाली ठेवली.

"कुठले तुम्ही?"

मी गाव सांगितले. तो रत्नागिरीकडचा मुसलमान होता. भावाचे बिऱ्हाड आमच्या तालुक्यात होते, म्हणून त्याला सगळी गावे माहीत होती. मी फोटो पुढे केला. तो हसला आणि स्वतःचा उजवा हात फोटोतल्या हाताशेजारी धरला. मनगटावर भाजल्याचा तोच डाग होता.

"हा मीच. मला कापलं कुणी?"

मी स्वतःची ओळख दिली. इथे मला कसलाही अधिकार नाही, हेही सांगितले. मग काय घडले ते सांगितले. ऐकता ऐकता तो स्टुलावर बसला.

"भगोडा? तो?" तो म्हणाला. "साहेब, आम्ही दोघं एका खोलीत दीड वर्ष राहिलो. लढाई लागली तेव्हा तो जेवत नव्हता. कानाला रेडिओ लावून पडलेला असायचा. कुठल्या पलटणीचं नाव आलं की उठून बसायचा. हा फोटो त्याच दिवसांतला. शुक्रवार होता, मीच त्याला ओढून बाहेर काढलं. म्हटलं, चल यल्ला, फोटो काढू, घरी पाठव."

"मग तो फौजेतून का आला?"

त्याने मान हलवली. "ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय. तुम्ही असं करा, अल सद्दला त्याच्या कंपनीचं ऑफिस आहे. तिथे वसईच्या एक बाई आहेत. त्याची कागदपत्रं त्यांच्याकडे असतील. मी फोन करतो."

त्या दिवशी गुरुवार होता. बाईंनी दुपारी बोलावले. बांधकामाचे सामान पुरवणारी लहानशी कंपनी होती. मेजर तिथे स्टोअर सांभाळायचे. बाई पंचेचाळिशीच्या, गळ्यात बारीक क्रूस, टेबलावर फायलींचे दोन ढीग. वीस वर्षे त्या तिथे क्लार्क होत्या. त्यांनी आधी मला चहा दिला, मग माझा पासपोर्ट पाहायला मागितला. पोलिसाला असे कुणी क्वचितच विचारते. मला बरे वाटले.

"साहेब, त्यांचं डिस्चार्ज बुक मी जॉईनिंगच्या वेळी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "ओरिजिनल त्यांनी परत नेलं. त्याचं काय केलं, मला माहीत नाही. पण माझ्या फाईलमध्ये दोन कागद आहेत. एक त्यांनी माझ्याकडून टाईप करून घेतलेलं लेटर. दुसरा त्याचा रिप्लाय. आमच्या पीओ बॉक्सवर आला होता. तो वाचला की तुमची केस खलास."

"मग दाखवा."

"नाही दाखवणार."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तो त्यांचा पर्सनल मॅटर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही चांगल्यासाठी आला असाल, पण त्यांची परमिशन पाहिजे. ऑफिस तीनला बंद होतं आणि उद्या शुक्रवार आहे. आत्ताच त्यांना फोन लावा. त्यांच्या तोंडून मला ऐकू दे."

माझ्या अधिकाराच्या हद्दीत मी असे ऐकून घेतले नसते. तिथे मी व्हिजिट व्हिसावर आलेला एक बाप होतो. मी खाली जाऊन फोनकार्ड आणले. बाईंनी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे मेजरच होते. बाईंचा आवाज ओळखून त्यांनी तब्येत विचारली. मग मी बोललो.

"मेजर, मी दोह्यात आहे. बाईंकडे तुमचं पत्र आहे. त्या तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाहीत."

बाईंनी स्पीकरचा आवाज वाढवला.

"साहेब, ते पत्र तिथेच राहू द्या," ते म्हणाले. "मी माघार घेतो. निवडणूक गेली खड्ड्यात. लोक भगोडा म्हणतील, म्हणू देत."

"भगोडा नसताना?"

"ते मी सोसेन. मुलीला सोसावं लागू नये. तिचं लग्न तोंडावर आहे."

मग पलीकडे काही गडबड झाली आणि दुसऱ्याच एका बाईचा आवाज आला. "साहेब, मी त्यांची मंडळी बोलतेय. पत्र घ्या तुम्ही."

मागून मेजर म्हणाले, "तू यात पडू नकोस."

"पडते," ती म्हणाली. फोन तिने तोंडाजवळच धरला होता, पण ती बोलत होती नवऱ्याशी. "कशासाठी लपवताय? फिट येतात म्हणून फौजेने घरी पाठवलं, हेच ना? पोरीच्या सासरी मी सुपारी फुटायच्या आधीच सांगितलंय."

बाईंनी टेबलावरचे पेन उचलले आणि परत ठेवले.

"काय सांगितलंस?" मेजरांनी विचारले.

"सगळं. लपवून पोर द्यायची आणि मग जन्मभर भीत बसायचं, ते माझ्याने होणार नव्हतं. विहीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालू आहेत ना, मग झालं. मुलगाही म्हणाला, त्यात काय. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घरात त्या आजाराचं नाव काढू देत होतात का?"

मग मेजरांचा आवाज आला, अगदी हळू.

"साहेब, म्हणजे सहा महिने झाले त्यांना कळून?"

"असं दिसतं," मी म्हणालो.

"आणि ते घरी आले तर माझ्याशी नेहमीसारखेच बोलतात."

"हो."

ते नाक शिंकरल्यासारखे काहीतरी करत होते. मग म्हणाले, "बाई, द्या साहेबांना कागद. आणि साहेब, नंबर लिहून घ्या." त्यांनी नंबर सांगितला. सगळे आकडे, मागचे अक्षर, हुद्दा, नाव, एका दमात. मी बाईंच्या डेस्क-कॅलेंडरवरच लिहून घेतला.

फोन ठेवल्यावर बाईंनी मॅनेजरची परवानगी घेतली आणि फाईल उघडली. लढाई सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी लिहिलेले एक पानी इंग्रजी पत्र होते. त्यात मेजरांनी रेकॉर्ड ऑफिसला लिहिले होते की आजारामुळे आपल्याला वैद्यकीय कारणाने सेवामुक्त केले, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या वर्षभरात नियमित औषध घेतो, एकही फिट आलेली नाही. आपल्या पलटणीची माणसे पुढे आहेत, तेव्हा आपल्याला परत बोलवावे. बंदूक देऊ नये. भटारखान्यात, स्टोअरमध्ये, गाड्या भरायला, जिथे गरज असेल तिथे ठेवावे. पगार नको.

खाली बाईंच्या हातची पेन्सिलची खूण होती. "मी त्यांना म्हटलं होतं, पगार नको हे काढून टाका, बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ते ऐकेनात."

उत्तर चार ओळींचे होते. सेवेचा आदर राखून विनंती मान्य करता येत नाही, असे. सेवामुक्तीची तारीख आणि कारण त्यात स्पष्ट लिहिलेले होते.

"हे आलं तेव्हा मीच वाचून दाखवलं," बाई म्हणाल्या. "ठीक आहे म्हणाले आणि स्टोअरमध्ये गेले. त्या दिवशी त्यांनी सगळे रॅक नव्याने लावले."

मी तो कागद हातात धरून बसलो. ज्या माणसाला मी 'काही वाटलं नाही?' असे विचारले होते, त्याने हे लिहिले होते. मला लाज वाटली. आणि सांगायचे तर त्याहून जास्त मोकळे वाटले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एखाद्याविरुद्धचा पुरावा हाती आला की समाधान वाटायचे. कुणी निर्दोष निघाला म्हणून इतके हलके वाटल्याचे मला आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "त्या बाईचं कौतुक करा. मेजरच्या बायकोचं." मग म्हणाली, "दोघींचंही."

नंबर मी त्याच संध्याकाळी अल सद्दच्या एका दुकानातून अधीक्षक कार्यालयाला फॅक्स केला. बाईंनी आपणहून प्रतिज्ञापत्र लिहून दिले आणि शनिवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, माझ्यासोबत वकिलातीत येऊन कागद साक्षांकित करून दिले. त्यांनी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी आभार मानले तर म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि गोळ्या चुकवू नका म्हणावं."

मी परत हजर झालो तेव्हा रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर ठाण्यात येऊन पडले होते. नंबर मिळाल्यावर त्यांना दोन दिवस पुरले होते. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त, वर्तणूक अत्युत्तम. मी तक्रार अर्ज निकाली काढला. पत्रकारांना एवढेच सांगितले की संबंधित उमेदवार नियमानुसार सेवामुक्त झालेले असून पळून गेल्याचा आरोप निराधार आहे. सेवामुक्तीचे कारण एकाने तीनदा विचारले. ते सांगायला मी बांधील नव्हतो. फोटो कापणाऱ्या कार्यकर्त्याला बोलावून, दोह्यातल्या कापडाच्या दुकानातल्या माणसाने दिलेल्या अख्ख्या फोटोशेजारी कापलेला फोटो ठेवला. पुढच्या कारवाईची कल्पना दिली तेव्हा त्याने लेखी माफी दिली. बांगड्यांचा हार कुणी टांगला, हे त्याने सांगितले नाही. मला ते माहीत होते, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होते.

कारण सांगितले ते मेजरांनीच. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बाजारपेठेत त्यांची सभा होती आणि मी बंदोबस्ताला होतो. पक्षाच्या पोरांना वाटले, आता ते विरोधकांना झोडपतील. त्यांनी माईक हातात घेतला आणि सरळ सांगितले, "मी कारगिलला नव्हतो. पत्रकावर छापलेलं खोटं आहे, ते मी आधीच थांबवायला हवं होतं. मला फिट येत होत्या, म्हणून फौजेने घरी पाठवलं. आता औषधाने बरं आहे. पाण्याचं काम तुम्ही पाहिलंय. तेवढ्यावर मत द्यायचं असेल तर द्या." दोन मिनिटांत ते खाली उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. मग मागच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ उठले, स्टेजजवळ गेले आणि त्यांना बाजूला घेऊन विचारू लागले की डॉक्टर कोणता, माझ्या नातवाला तसंच होतं. त्यांच्यामागे आणखी एक बाई उभी राहिली.

मेजर थोड्या मतांनी पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी ठाण्यात जे बोललो, त्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो." त्यांच्या पत्नीने मध्येच सांगितले की पाच वर्षांत पहिल्यांदा ते काल दुपारी घोरत झोपले. मेजर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. उन्हाळ्यात लग्न झाले. जेवताना नवऱ्यामुलाचे वडील मेजरांना आग्रह करत होते आणि मेजर पुरे पुरे म्हणत होते.

हे प्रकरण फायलीत पाच-सहा कागदांचे आहे. पण मला त्याने एक गोष्ट शिकवली. माणूस गप्प बसला की आम्ही पोलीस त्याला अर्धी कबुली समजतो. खरे म्हणजे पुष्कळ माणसे गुन्हा लपवायला गप्प बसत नाहीत. एखादे आजारपण, नापास झालेली परीक्षा, मोडलेली सोयरीक, असे काहीतरी त्यांच्या लेखी गुन्ह्याहून मोठे असते. ते झाकण्यासाठी ती न केलेल्या गुन्ह्याचा डागही लावून घेतात. चौकशी करणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याच्या नजरेत ती गोष्ट क्षुल्लक असते.

त्यानंतर उरलेल्या सगळ्या नोकरीत मी एक सवय ठेवली. समोरचा माणूस अडून बसला की राइटरला बाहेर चहाला पाठवायचो, वही मिटून ठेवायचो आणि विचारायचो, "हे सांगितलंस तर तुझं काय जाईल?" निम्म्याहून जास्त वेळा त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले. ज्यांच्याकडून ते मिळाले, त्यातल्या कित्येकांना मी ठाण्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो.